वैऱ्याच्या घोड्यांना पाणी

फार फार पूर्वी, राज्यं लहान होती आणि माळ मोठे होते त्या काळी, एका उघड्या माळावर एक गाव होतं. लहानांनो, तुम्ही त्याचं नाव विचाराल. नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पण त्या गावानं केलं काय, ते मात्र कुणी विसरलं नाही.

गावाला पाणी दोनच ठिकाणी. एक, कोसभर खाली दरीत वाहणारी नदी. दुसरं, देवळामागच्या खडकात कोरलेलं जुनं टाकं. रोजचं पाणी नदीचं. टाकं अडीअडचणीसाठी.

त्या गावात खैरूनबी नावाची पखाली बाई राहत होती. रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल लादून नदीचं पाणी घरोघर पोचवायचं, हा पखाल्यांचा धंदा. नवरा वारला तेव्हा लोकांना वाटलं, आता हिचा रेडा विकला जाणार. पण तिसऱ्या आठवड्यात खैरूनबी पदर खोचून स्वतः दरी उतरली, पखाल भरली आणि पाटलाच्या दारात येऊन म्हणाली, "रांजण कुठाय?" तेव्हापासून वीस वर्षं तिनं गावाला पाणी पाजलं. या कामाचा तिला मोठा अभिमान. कुणी हिणवून "पखालीण" म्हटलं, तर ती मान ताठ करून म्हणे, "होय तर! करबलेच्या मैदानात तहानलेल्या लेकरांसाठी पाणी आणायला गेलेले हजरत अब्बास आमचे. आम्ही त्यांच्या वाटेनं चालणारी माणसं."

दर साली मोहरम आला, की पहिले दहा दिवस खैरूनबी गावाच्या तिवाठ्यावर, लिंबाच्या झाडाखाली सबील लावायची. मातीचे रांजण मांडायचे, त्यांना ओलं फडकं गुंडाळायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचं. करबलेत तहानलेल्या ठेवलेल्या माणसांच्या आठवणीसाठी ही सबील. तिथं पिणाऱ्याला जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही, नावसुद्धा विचारायचं नाही. दहाव्या दिवशी सारं गाव ताबूत आणि पंजे घेऊन वाजतगाजत नदीवर जाई. ताबुताला खांदा द्यायला मशिदीतली माणसं असत, तशी देवळातलीही असत.

एका साली मोहरम भर वैशाखात आला. आणि त्याच साली गावावर संकट कोसळलं.

त्या मुलखाच्या ठाण्यावर राजाचा एक सरदार होता. गावामागच्या गायरानावर त्याचा डोळा होता. त्यानं नागोजी पाटलाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "राजासमोर शपथ घ्यायची. म्हणायचं, हे गायरान पिढ्यान्‌पिढ्या सरदारांच्याच घराण्याचं."

पाटील म्हणाला, "गायरान सगळ्यांच्या गुरांचं आहे, सरकार. खोटी शपथ घ्यायला जीभ वळायची नाही."

सरदार हसला. "तहानेनं वळेल," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी नदीच्या उतारावर त्याचे शिपाई उभे राहिले. बाया घागरी घेऊन गेल्या, त्या रिकाम्याच परत आल्या. गुरं हाकून दिली. निरोप असा, की गाव शपथेला कबूल होईपर्यंत नदीच्या पाण्याला हात लावायचा नाही.

पाटलानं गाव जमवलं. टाक्यात काठी घालून पाणी मोजलं. घरटी दिवसाला दोन घागरी घेतल्या, तर महिनाभर कसंबसं पुरणार होतं. शपथ घ्यावी, असं एकही माणूस म्हणाला नाही. पण सभा उठता उठता पाटील खैरूनबीकडे वळला आणि संकोचानं म्हणाला, "खैरूनबी, चंद्र दिसलाय. मोहरम लागला. पण यंदा सबील राहू द्या. करबलेचे इमामसाहेब समजून घेतील."

खैरूनबीनं पदर खोचला. मग म्हणाली, "पाटील, नदी भरलेली असताना सबील लावली, त्यात माझं काय गेलं? करबलेत पाणी नव्हतं, म्हणून तर ही सबील. गावाच्या पाण्याला मी हात लावत नाही. माझ्या वाट्याच्या दोन घागरींतली एक सबिलीला."

दस्तगीर मुलाणी म्हातारा झाला होता, काठी टेकत चाले. तो म्हणाला, "एक माझीही."

पाटील तसाच घरी गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची सून एक घागर घेऊन लिंबाखाली आली. मग कोष्ट्याच्या घरून अर्धी आली. गुरवाकडून एक तांब्या आला. दरसाल पाच रांजण असत, त्या साली दोनच मांडले. पण सबील लागली.

चार दिवस गेले. वाटसरू फारसे नव्हतेच. एखादा धनगर, एखादा गोसावी यायचा, ओंजळभर पाणी पिऊन दुवा देऊन जायचा.

पाचव्या दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना, माळावरून धूळ उठली. बारा घोडेस्वार हळूहळू येत होते. उतारावरचा पहारा बदलायला सरदारानं नवी तुकडी पाठवली होती. वाटाड्या माळावर चुकला होता आणि दीड दिवस ती माणसं उन्हात भरकटत होती. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. दोघे तर घोड्याच्या मानेवर आडवे पडले होते. नदी तिथून अजून कोसभर खाली होती, पण घोडी पाऊल उचलीनात. लिंबाच्या सावलीत एक घोडी गुडघ्यावर बसली ती उठेचना.

त्यांचा जमादार खाली उतरला. त्याचं नाव हैबतराव. उंच, काटक माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या. त्यानं रांजणाकडे पाहिलं, खैरूनबीकडे पाहिलं आणि कोरड्या घशानं विचारलं, "आम्ही कोण, ठाऊक आहे ना बाई?"

"ठाऊक आहे," खैरूनबी म्हणाली. "आमचा उतार अडवायला निघालात. बसा सावलीला."

आणि तिनं वाडगं भरलं.

तोवर गाव गोळा झालं होतं. कुंभाराची गोदा पुढे आली. तिच्या कडेवर तापानं फणफणलेलं तान्हं मूल होतं. ती ओरडली, "चाची, वेड लागलं का तुम्हाला? ज्यांच्यामुळे माझ्या लेकराचे ओठ सुकले, त्यांना पाणी? मरू देत इथंच!"

मागून चारपाच जण म्हणाले, "बरोबर आहे! मरू देत!"

खैरूनबीनं वाडगं हैबतरावाच्या हाती दिलं आणि मग ती गोदाकडे वळली. तिचा आवाज शांत होता.

"पोरी, तुझ्या घागरीतला थेंब मी मागणार नाही. ते तुझ्या लेकराचं पाणी. पण मी कुणाच्या नावानं ही सबील लावते, ते ऐक. मग मला वेडी म्हण."

घोडेस्वार पीत होते, गाव उभं होतं, आणि खैरूनबी सांगत होती.

"पैगंबरसाहेबांचे नातू इमाम हुसैन. एका जुलमी बादशहानं हट्ट धरला, की माझ्या हातावर हात ठेवा, मला मान्यता द्या. इमाम म्हणाले, जे खरं नाही त्याला मी हो म्हणणार नाही. ते आपल्या बायकामुलांना आणि मोजक्या साथीदारांना घेऊन निघाले. वाटेत भर दुपारी समोरून बादशहाचे हजार घोडेस्वार आले. त्यांचा नायक होता हुर्र. इमामांना अडवायलाच तो आला होता. पण त्याची माणसं तहानेनं अर्धमेली झाली होती. इमामांनी काय केलं असेल? त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं, यांना पाणी पाजा. यांच्या घोड्यांनाही पाजा. एक शिपाई मागे राहिला होता. तहानेनं त्याचे हात असे थरथरत होते, की चामड्याच्या मशकेतून पिताच येईना. तेव्हा इमाम स्वतः उठले, मशकेचं तोंड आपल्या हातानं दुमडून धरलं, आणि त्याला पाजलं."

कुणी तरी हळूच विचारलं, "आणि मग?"

"मग त्याच फौजेनं त्यांची वाट अडवली. मोहरमच्या सातव्या दिवशी फुरात नदीचं पाणी बंद केलं. इमामांच्या तंबूत लेकरं पाणी पाणी करू लागली. ज्यांना पाजलं त्यांनीच अडवलं. पण पाजताना इमामांना हे ठाऊक नव्हतं, असं समजू नका. समोरचा कोण आहे, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी पाजलं. कारण समोरचा कसा वागतो, ते त्याच्यापाशी. आपण कोण आहोत, ते आपल्यापाशी."

गर्दीनं वाट करून दिली. दस्तगीर मुलाणी पुढे आला, त्यानं काठी बाजूला ठेवून घमेल्यात पाणी ओतलं आणि ते बसलेल्या घोडीच्या तोंडाशी धरलं. रांजण रिकामे झाले, तशी पाटलानं आपल्या घरची उरलेली घागर आणवली. गुरवानं आणली. बारा घोड्यांना जेमतेम घसा ओला होईल एवढंच पाणी मिळालं, पण सगळ्यांना मिळालं. गोदानं मात्र दिलं नाही. ती मूल छातीशी धरून घरी निघून गेली, आणि तिला कुणी बोल लावला नाही.

घोडी उठली. स्वार चढले. हैबतराव रिकाबीत पाय ठेवता ठेवता थांबला.

"बाई," त्यानं विचारलं, "त्या हुर्रचं पुढे काय झालं?"

"ते आम्ही दहाव्या दिवशी सांगतो," खैरूनबी म्हणाली.

जमादार घोड्यावर चढला. तुकडी दरीकडे गेली. त्या दिवशी गावातल्या कितीतरी चुली पेटल्या नाहीत, कारण शिजवायला पाणीच उरलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी बाया घागरी घेऊन उतारावर गेल्या, तेव्हा त्याच बारा शिपायांनी त्यांना परत पाठवलं.

"मिळालं का फळ?" लोक खैरूनबीला म्हणाले.

"मी फळासाठी झाड लावलं नव्हतं," ती म्हणाली आणि आपली एक घागर रांजणात ओतून मोकळी झाली.

पण उतारावर हैबतरावाला घास गोड लागेना. समोर नदी खळाळत होती. बाया रोज येत, लांब उभ्या राहत, पाण्याकडे बघत आणि माघारी जात. त्यांतली एक तान्ह्या मुलाला घेऊन येई. ती ना रडे, ना हात जोडे. नुसती त्याच्या डोळ्यांत बघून परत जाई. जमादारानं लढाया पाहिल्या होत्या, जखमा सोसल्या होत्या. त्या बाईची नजर त्याला सोसवेना. तरीही तो जागचा हलला नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याचा हुकूम मोडायचा नसतो, हेच तो आयुष्यभर शिकला होता.

दहावा दिवस उजाडला.

गावानं ताबूत उचलला. कागदाचे, बेगडीचे, हिरव्या-लाल रंगांचे मनोरे उन्हात चमकू लागले. पुढे चांदीचे पंजे, मागे ताशा. पाटलानं सांगितलं होतं, की हातात काठीसुद्धा घ्यायची नाही. कुणी घेतली नाही. नदीचं पाणी बंद असलं, तरी ताबूत दरसालासारखा नदीवरच जाणार होता. सगळ्यांच्या पुढे खैरूनबी होती. तिच्या रेड्याच्या पाठीवर रिकामी पखाल होती. गेले दहा दिवस पुरतं पाणी पोटात नसलेलं ते गाव दरी उतरत होतं. पण ज्यांनी पाहिलं ते सांगत, की लग्नाच्या वरातीतसुद्धा माणसं इतकी ताठ चालत नाहीत.

उतारावर सरदार स्वतः आला होता. गावाच्या हट्टाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो घोड्यावर बसून ओरडला, "शपथ घेणार असाल तर पुढे या! नाहीतर पाण्यात पाऊल टाकणाऱ्याला जिता सोडणार नाही!"

गाव थांबलं. ताशा थांबला. नदीच्या खळखळाटाखेरीज आवाज उरला नाही.

मग हैबतराव रांगेतून दोन पावलं पुढे आला. त्यानं सरदाराकडे पाहिलंच नाही. तो खैरूनबीला म्हणाला, "बाई, आज दहावा दिवस. त्या हुर्रचं काय झालं?"

खैरूनबीचे डोळे भरून आले, पण आवाज कापला नाही.

"दहाव्या दिवशी सकाळी," ती म्हणाली, "हजारोंच्या फौजेत तो आपल्या घोड्यावर बसला होता आणि त्याचं अंग कापत होतं. सोबत्यानं विचारलं, तुझ्यासारखा शूर माणूस घाबरला? तो म्हणाला, मी स्वर्ग आणि नरक यांच्यामध्ये उभा आहे, आणि निवड माझी आहे. मग त्यानं घोड्याला टाच मारली. एकटा मैदान ओलांडून तो इमामांकडे आला, मान खाली घालून म्हणाला, तुमची वाट अडवणारा मीच. मला माफी आहे का? इमाम म्हणाले, आहे. त्याच दिवशी हुर्र इमामांच्या बाजूनं लढता लढता शहीद झाला. आज इतकी वर्षं झाली. ते हजारो कोण होते, कुणाला ठाऊक नाही. हुर्रचं नाव आम्ही अजून आदरानं घेतो."

हैबतरावानं कमरेची तलवार सोडली आणि सरदाराच्या घोड्यापुढे जमिनीवर ठेवली.

"सरकार," तो म्हणाला, "तुमचं मीठ खाल्लं, त्यासाठी तीस वर्षं रक्त सांडलं. पण या माणसांनी आपल्या लेकरांच्या तोंडचं पाणी मला पाजलंय. आणि यांची बाजू खरी आहे."

तो वळला आणि गावाकडे चालू लागला. वाळूचं अंतर वीसएक पावलांचं. दहाबारा पावलं झाली असतील तोच सरदारानं संतापानं भाला फेकला. तो हैबतरावाच्या मांडीत घुसला. जमादार गुडघ्यावर आला, पण उठला, आणि लंगडत उरलेली पावलं चालून ताबुतापाशी येऊन कोसळला.

"तोडा त्यांना!" सरदार गरजला.

अकरा शिपाई पुढे सरसावले. पण ते आपल्या जमादाराभोवती कडं करून उभे राहिले, सरदाराकडे तोंड करून. त्यांच्यातला एक म्हणाला, "सरकार, आमच्या घोड्यांनीसुद्धा यांचं पाणी प्यायलंय."

सरदारानं इकडेतिकडे पाहिलं. त्याच्यापाशी आता दोन हुजरे उरले होते, आणि तेही खाली बघत होते. त्यानं घोडा फिरवला आणि तो निघून गेला.

गाव पाण्याकडे धावलं. सगळ्यांत आधी पोचली गोदा. तिनं ओंजळ भरली, लेकराचे ओठ भिजवले. दुसरी ओंजळ तिनं स्वतः पिण्यासाठी तोंडाजवळ नेली, आणि थांबली. ती तशीच वाळूतून परत आली आणि हैबतरावापाशी बसून तिनं ती त्याच्या तोंडाशी धरली.

"प्या दादा," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्याच्यानं झालं नाही."

मग ताशा पुन्हा वाजला आणि ताबूत नदीत बुडवून थंड केला.

हैबतराव जगला. पाय कायमचा अधू झाला, पण बाजेवर घालून त्याला राजाकडे नेलं तेव्हा त्यानं भर दरबारात सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, पाच दिवस आपण पाणी अडवलं तेही नाही. राजानं सरदाराची सरदारी काढून घेतली. गायरान सगळ्यांच्या गुरांचं राहिलं. आणि उतारावरच्या खडकात राजानं कोरून घेतलं, की हे पाणी कुणी कुणाला अडवू नये.

पुढच्या मोहरमला राजा स्वतः त्या गावात आला. लिंबाखाली सबील लागली होती. राजा पाणी प्यायला आणि म्हणाला, "खैरूनबी, इथं मी दगडी पाणपोई बांधतो, वर घुमट चढवतो. माझं नाव देऊ तिला. तुमच्या गावाची कीर्ती होईल."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. खैरूनबीनं नाही डोलावली.

"हुजूर, दगड द्या, उपकार होतील," ती म्हणाली. "पण नाव तिला आधीच आहे. ही हुसैनची सबील. ज्यांच्या तोंडचं पाणी तोडलं, त्यांच्या नावानं आम्ही पाजतो. त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव चढत नाही, माझंसुद्धा नाही."

दरबारी चपापले. राजाला असं उत्तर कधी कुणी दिलं नव्हतं. राजानं हातातलं वाडगं खाली ठेवलं. मग त्यानं विचारलं, "मग मी काय करू?"

"बाकीचे करतात ते करा," ती म्हणाली. "एक घागर आणा."

आणि लहानथोरांनो, राजानं डोक्यावरचा जरीचा मंदील उतरवून हुजऱ्याच्या हाती दिला, घागर खांद्यावर घेतली, दरी उतरला, आणि भर उन्हात कोसभर चढून ती रांजणात रिती केली. रांगेत त्याच्यापुढे एक धनगर होता आणि मागे कुंभाराची गोदा.

त्या गावातली माणसं पुढे कुठंही गेली, तरी ताठ मानेनं सांगत: आम्ही तहानेला वाकलो नाही, आणि तहानलेल्याला नाकारलं नाही.

बोध एवढाच: अन्यायापुढे मान वाकवू नये, आणि वैऱ्यालाही पाणी नाकारू नये; ज्याला या दोन्ही गोष्टी जमतात, त्याला कुणी हरवू शकत नाही.